शेवटचा शिक्का शामेयचा

शामेयच्या ओदेत ब्रोसियारला एक सवत होती. निळी, दोन चाकांची, दर शनिवारी संध्याकाळी लाडाने तेलपाणी करून घेणारी. असं ओदेत स्वतःच सांगायची, झोझियानच्या कॅफेत, चारचौघांत, नवरा एमे शेजारी बसलेला असताना. "मला लग्नाच्या वाढदिवसाला काय मिळालं? लोकरीचे मोजे. आणि हिला? नवी सीट, चामड्याची!" एमे मिशीतल्या मिशीत हसायचा, पेल्यात उरलेली वाइन संपवायचा आणि गप्प बसायचा. बोलायचा त्याला मुळातच कंटाळा.

एमे काही बागाईतदार वगैरे नव्हता. फ्रान्समधल्या आमच्या बोजोलेच्या टेकड्यांवर दुसऱ्यांच्या द्राक्षबागा राखण्यात जन्म घालवणारी जी माणसं आहेत, त्यांतलाच एक. हिवाळ्यात छाटणी, वसंतात खुंट ठोकायचे, उन्हाळ्यात फवारणी, सप्टेंबरात तोडणी. ओदेतही त्याच बागांत. छाटणी पुरुषांनी करायची आणि बांधणी बायकांनी, ही आमच्याकडची जुनी वाटणी. काडी वाकवायची, तारेला बांधायची, पुढच्या वेलीकडे सरकायचं. मोलारच्या उतारावर ओदेतने पन्नास वर्षं हेच केलं. डोळ्यांपुढे हातभर अंतरावर काडी, आणि कमरेचं धनुष्य झालेलं. मान वर करून बघायची सवड होती कुणाला?

एमेच्या मात्र रविवार उजाडला की पायाला भिंगरी लागायची. सायकलवाल्यांच्या एका जुन्या संघाने एक पुस्तक काढलं होतं, खिशात मावेल एवढं. त्यात देशभरातली दोनशे बारा द्राक्षगावं, एका गावाला एक पान. गावात सायकलवरून जायचं, तिथल्या कॅफेत नाहीतर बेकरीत पानावर शिक्का मारून घ्यायचा, आणि खाली एक-दोन ओळी लिहायच्या. सगळी पानं भरली की संघ एक पितळी बिल्ला देतो. हो, नुसता बिल्ला. त्यासाठी एमेने पंचेचाळीस वर्षं पायडल मारलं. कुणी म्हणेल, वेडाच होता की! म्हणू दे. असं म्हणणाऱ्याला सायकल कळलेली नाही आणि एमेही कळलेला नाही.

जवळची गावं त्याने रविवारी केली. लांबच्या गावांसाठी ऑगस्टातले दोन आठवडे, तोडणीच्या आधीचे. सायकल आगगाडीत टाकून तो अल्सासला जायचा, ल्वारच्या खोऱ्यात जायचा, पार पिरेनीजच्या पायथ्याशी जायचा आणि दोन आठवड्यांनी उन्हाने भाजून, अर्धा होऊन परत यायचा. पहिल्या वर्षी त्याने ओदेतला विचारलं होतं, "येतेस?" ती म्हणाली, "आणि कोंबड्यांना दाणा कोण घालणार, बिशप?" त्याने परत विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. कोंबड्या तर कधीच गेल्या, पण न विचारणं तेवढं मागे उरलं.

परत आल्याच्या संध्याकाळी मात्र एक ठरलेला कार्यक्रम असायचा. ओदेत सूप वाढायची, एमे पुस्तक काढायचा आणि लिहिलेलं वाचून दाखवायचा. त्याचा एक नियम होता. जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं. ऐकीव नाही, माहितीतलं नाही, कुणी सांगितलेलं तर मुळीच नाही. त्यामुळे त्याच्या ओळी अशा असायच्या: "चिमणीवर करकोचा. खाली एक बाई खिडकी पुसत होती. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही." हे अल्सासचं. "खडूसारखी माती. माझे बूट पांढरे, पाद्रीबाबांचेही पांढरे." हे शँपेनचं. ल्वारकडे लोक डोंगर पोखरून घरं करतात, तिथलं असं: "गवतातून धुराडं वर आलेलं. शेळी त्याला पाठ घासत होती."

"अजून?" ओदेत विचारायची.

"अजून काही नाही. एवढंच दिसलं."

"दोनशे कोस गेलास आणि एक शेळी बघून आलास?"

"चांगली होती शेळी."

ओदेत कपाळावर हात मारून घ्यायची. पण दुसऱ्या दिवशी मोलारच्या उतारावर काड्या बांधताना ती शेळी तिच्या डोळ्यांपुढून हलायची नाही. खाली घरात कोण असेल? वर पाठ घासल्याचा आवाज खाली ऐकू जात असेल का? दिवसभर ती त्या घरात राहून यायची. असं करत करत तिने सगळा देश बघितला म्हणा ना. लिऑन शहराच्या पलीकडे पाऊल न टाकलेली बाई, पण बोर्दोच्या बागेत ओळीच्या टोकाला गुलाब असतात आणि एका गुलाबाखाली एक माणूस तोंडावर टोपी टाकून झोपला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हा मुखदुर्बळ माणूस असं काय काय बघून येतो, याचं तिला जन्मभर नवल वाटत राहिलं. तोंडावर मात्र तिने त्याला ते कधी कळू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एमेची दोनशे अकरा पानं भरली. राहिलं एकच. कुठलं? तर शामेय! स्वतःचं गाव! शिक्का झोझियानच्या कॅफेत, आणि कॅफे एमेच्या दारापासून चाळीस पावलांवर. "घरचंच आहे, कधीही होईल," असं म्हणत या शहाण्याने पंचेचाळीस वर्षं ते पान कोरं ठेवलं होतं. हा मूर्खपणा आमच्याकडचाच. लिऑनचा माणूस आधी जवळचं उरकेल आणि मग लांब जाईल.

त्यात संघाचा नियम असा की गावात बाहेरून यायचं, किमान पंधरा किलोमीटरवरून. घरातून उठून कॅफेत गेलेलं चालत नाही. आणि झोझियान नियमाला पक्की. तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं की शिक्का मारण्याआधी टायरला अंगठा लावून बघायचा. टायर कोमट लागला, धुळीने माखलेला असला, तरच शिक्का. एकदा लिऑनचे कुणी डॉक्टर मोटारीच्या टपावर सायकल टाकून आले होते, झोझियानने त्यांना कॉफी पाजली आणि कोऱ्या पानासकट परत पाठवलं.

"पुढच्या वसंतात करू," एमे म्हणाला, "चांगला दिवस बघून." त्या वसंतात ओदेतचा गुडघा सुजला. मग तोडणी आली, मग हिवाळा. आणि त्याच्या पुढच्या मे महिन्यात ते दोरीचं प्रकरण झालं.

गिल्बेर हा त्यांचा शेजारी. त्याने नवी बाग लावली होती. एमे फिरत फिरत तिथे गेला, बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "गिल्बेर, ही ओळ दारू पिऊन लावलीस का रे? मधेच पोट सुटलंय तिला."

गिल्बेरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळ वाकडी म्हणणं म्हणजे आमच्याकडे माणसाच्या आईबापापर्यंत जाण्यासारखं आहे. दोघांची चांगलीच जुंपली. आरडाओरडा ऐकून ओदेत धावत आली. शेवटी गिल्बेरने घरातून दोरी आणली, पहिल्या खुंटापासून शेवटच्या खुंटापर्यंत ताणून बांधली आणि म्हणाला, "बघ आता! डोळे फुटले असतील तर पुसून बघ!" एकही खुंट दोरीला सोडून नव्हता.

एमेने बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाला, "दोरीपण वाकडी आहे."

  ताणलेली दोरी वाकडी कशी असेल? गिल्बेरने मुकाट्याने दोरी गुंडाळली आणि एमेच्या खांद्यावर हात ठेवला.

लिऑनच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. बुबुळामागचा पडदा मधोमध झिजतोय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. समोरचं पुसलं जाईल, कडेकडेचं राहील. इंजेक्शनं देऊ, पण गेलेलं परत येणार नाही. एमेने एकच प्रश्न विचारला, "सायकल?" बाई म्हणाल्या, "मोठ्या रस्त्यावर आजपासून नाही. गल्लीबोळात फार तर हा हिवाळा लागेपर्यंत. पुढच्या वसंतात मात्र तिचं नाव काढू नका."

गावात बातमी फिरायला काय वेळ लागतो? दुसऱ्याच दिवशी झोझियान त्यांच्या दारात उभी. तिने एप्रनच्या खिशातून शिक्का काढला, शाईची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत तो शिक्का पहिल्यांदाच कॅफेच्या बाहेर पडला होता.

"एमेकाका, पुस्तक आणा," ती म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती.

"टायर बघ आधी," एमे म्हणाला.

"काका, कुणाला काय कळणार आहे?"

"तुझा बाप असता तर त्याने तुला उभं जाळलं असतं. उचल ते. कॉफी पिणार असशील तर बस."

झोझियान कॉफी प्यायली, शिक्का खिशात घालून गेली. तिच्या मागे ओदेत नवऱ्यावर उखडली. "काय अडलंय तुझं? एक ठप्पा तर आहे! दोनशे अकरा खरे, एक खोटा, चालतं की!"

एमे म्हणाला, "मग दोनशे अकराही खोटे होतात."

 ओदेत भांडी घासत राहिली. रागाने तीच तीच बशी तिने तीनदा घासली. मग हात पुसले, शेडमध्ये गेली आणि खुंटीवर टांगलेली स्वतःची जुनी सायकल खाली काढली. साठीपर्यंत बागेत जायला ती हीच वापरायची. त्याला सोळा वर्षं झाली होती. टोपलीत कोळ्यांनी संसार मांडला होता.

"हे काय?" दारातून एमेने विचारलं.

"मी पुढे, तू मागे. तुला समोरचं दिसत नाही तर नाही. माझा लाल स्वेटर कडेच्या नजरेने दिसतो का, सांग."

एमेने मान डावीकडे वळवली, झाडावरचा पक्षी बघावा तशी, आणि उजव्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं. "दिसतो," तो म्हणाला.

ऑगस्टभर दोघं दफनभूमीच्या मागच्या वाटेवर सराव करत होती. आख्खं गाव भिंतीवरून बघत होतं. ओदेत दोनदा चिंचोळ्या वळणावर पडली, एमे एकदाही नाही. सप्टेंबरात तोडणी, तेव्हा कुणाला फुरसत नाही. मग तीन आठवडे पाऊस. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा निघाला, की हवा काचेसारखी. गिल्बेरने आपल्या गाडीत दोन्ही सायकली घातल्या, दोघांना घातलं आणि खिंडीपलीकडे सोळा किलोमीटरवर व्हेर्नां गावात नेऊन सोडलं.

"कुठे थांबू?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. घरी जा," एमे म्हणाला. "मागे गाडी ठेवून आलेला शिक्का मला नको."

"ओळी माझ्या वाकड्या, आणि डोकं तुझं!" गिल्बेर गाडीत बसला. पण निघण्याआधी त्याने खाली उतरून दोन्ही सायकलींच्या टायरमधली हवा पुन्हा एकदा दाबून बघितली.

सुरुवात झकास झाली. नदीकाठची सपाट वाट, दोन्ही बाजूंना पॉपलरची झाडं. पाठीमागे निळ्या सायकलची चेन ऐकू येत होती, टिकटिक, टिकटिक. ओदेतला वाटलं, ही सवत आज माझ्या मागून येतेय, बरी खोड मोडली. पहिल्या वस्तीत लोकांनी पिळलेल्या द्राक्षांच्या सालींचे ढीग दाराबाहेर टाकले होते, त्यांचा आंबट वास नाकात बसत होता. एका म्हातारीने विचारलं, "कुठे निघालात?" ओदेत म्हणाली, "शामेयला." म्हातारी म्हणाली, "बाई गं, एवढ्या लांब?" आणि ओदेतच्या अंगावर रोमांच आले. जन्मभर शामेय म्हणजे घर. आज पहिल्यांदा शामेय म्हणजे 'एवढ्या लांब' झालं होतं.

मग क्रुसाच्या खिंडीचा चढ लागला. तीन किलोमीटर. ओदेतने पहिल्या वळणापर्यंत पायडल मारलं, मग उतरून ढकलायला लागली; मागे एमे मात्र हळूहळू पायडल मारत होता. घाम निथळायला लागला, तसा तिने स्वेटर काढला आणि हँडलवरच्या टोपलीत टाकला. असं साधं, कुणीही करेल तसं. आणि दहा पावलांनी तिच्या लक्षात आलं की मागची टिकटिक थांबली आहे.

तिने वळून बघितलं. रस्ता रिकामा.

"एमे!"

उत्तर नाही. तिने सायकल तिथेच आडवी टाकली आणि गुडघ्याची पर्वा न करता धावत खाली आली. आणि तेव्हा तिला दिसलं. रस्त्याला लागून बाग होती, आणि तिच्या कडेच्या वेली पेटल्यासारख्या लाल झाल्या होत्या. लाल! ऑगस्टात स्वेटर निवडला तेव्हा सगळ्या बागा हिरव्यागार होत्या. ऑक्टोबरात वेल लाल होते, हे पन्नास वर्षं वेली बांधलेल्या बाईच्या डोक्यातच आलं नाही! पुढचा लाल ठिपका गेला, तशी एमेने सायकल कडेच्या दुसऱ्या लालवर घातली होती. तो दोन ओळींच्या मधे उताणा पडला होता, निळी सायकल त्याच्या पायांवर, चाक अजून फिरतंय.

"मेलास का रे?" ओदेत ओरडली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही," एमे म्हणाला. "छाटणी कुणी केलीय इथे? फार आखूड ठेवलंय."

ओदेत मातीतच बसली आणि ढसाढसा रडली. मग त्याला शिव्या घातल्या. त्याला, बिल्ल्याला, संघाला, झोझियानच्या मेलेल्या बापाला. रडता रडता त्याच्या गुडघ्यावरचं रक्त रुमालाने पुसलं. "बास झालं," ती म्हणाली. "मी जाते खाली वस्तीत, गिल्बेरला फोन करते. मला तू हवास. शिक्का नको."

 एमेने हात पुढे करून वेलीचं एक लाल पान चाचपलं, मग मान वाकडी करून कडेने तिच्याकडे बघितलं. तो घाबरला होता. एवढ्या वर्षांत तिने त्याला घाबरलेलं बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "ओदेत, पुढे काय आहे ते मला नाही कळत. सगळंच लाल आहे. तू बोलत राहा. तू बोललीस की मी येईन."

"काय बोलू?"

"दिसेल ते."

जन्मभर हा बघून यायचा आणि ती "अजून?" म्हणून विचारायची. ओदेतने वर जाऊन आपली सायकल खाली आणली, टोपलीतल्या स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं आणि तो अंगात घातला. एमेला उठवलं, निळी सायकल उभी केली. ढकलत ढकलत ती बोलायला लागली.

"रस्ता डावीकडे वळतोय. खड्डा आहे, उजवीकडून ये. भिंतीवर पाल आहे. गेली. झाडाखाली शिडी विसरलीय कुणीतरी. शिडीवर कोंबडी."

"कुठल्या पायरीवर?"

"तिसऱ्या. गप्प ये."

असं बोलत बोलत दोघं खिंडीत पोचली. तिथे दगडी क्रूस आहे, त्याच्या चौथऱ्यावर सगळेच टेकतात. ओदेतने सायकल टेकवली, समोर बघितलं आणि तिचं बोलणं बंद पडलं.

"ओदेत?"

ती बोलेना. समोर मोलारचा उतार होता. तिचा उतार! पण तिने तो कधी असा बघितलाच नव्हता. ती नेहमी त्याच्या आत असायची, कमरेत वाकून, हातभर काडीपुढे. आता तो आख्खा समोर पसरला होता, वरपासून खालपर्यंत, शेकडो ओळी, कुठे लाल, कुठे पिवळ्या, कुठे अजून हिरव्या, आणि सगळ्या ओळी वरून निघून खाली एकाच जागी येत होत्या, जिथे चर्चचा मनोरा आणि चाळीस-पन्नास कौलं होती. आणि त्याच्याही वर, सोन नदीच्या मैदानापलीकडे, आकाश संपतं तिथे, आल्प्सचा बर्फाळ डोंगर, मॉं ब्लां. पांढराशुभ्र. मॉं ब्लां स्वच्छ दिसला की उद्या पाऊस, कपडे आत घ्या, एवढंच आमच्या गावात त्याचं काम. ओदेतनेही आयुष्यभर त्याच्याकडे बघून कपडेच आत घेतले होते.

"ओदेत, मी मेलोबिलो तर नाही ना?" एमेने विचारलं. "बोल की."

"एमे," ती म्हणाली. "अरे, ही एवढी बाग मी बांधलीय?"

"तूच. आणि मारी-लुईज आणि तिच्या बहिणींनी. पण वरचा तुकडा सगळा तुझा."

"एकेक काडी?"

"एकेक."

"मला कुणी सांगितलं का नाही रे हे असं दिसतं म्हणून?"

 "मला वाटलं, तुला माहीत आहे," एमे म्हणाला. "तू तर तिथेच असायचीस."

मग ओदेतने त्याला सगळं सांगितलं. त्याच्यासारख्या दोन ओळींत नव्हे, सगळं. खालच्या वळणावर कुणाचे कपडे वाळताहेत, गिल्बेरची नवी बाग कशी दोरीसारखी सरळ आहे, आपल्या घराचं धुराडं जरा कललंय, आणि डोंगराच्या पांढऱ्यावर उजव्या अंगाला कशी फिकट गुलाबी छटा आहे. एमे मान वाकडी करून उभा होता. "कडेला पांढरं काहीतरी आहे," तो म्हणाला, "तेच का?" "तेच." दोघं क्रुसाच्या चौथऱ्यावर बसली, सोबत आणलेलं शेळीचं चीज आणि पाव खाल्ला. ओदेतची नजर समोरून हलत नव्हती.  शहात्तर वर्षं मी कुठे राहत होते, असं तिला होऊन गेलं.

उतारावर ती घसा बसेपर्यंत बोलली. वळण, खडी, मांजर, ट्रॅक्टर, थांब, चल. मागून टिकटिक येतच राहिली.

कॅफेसमोर अर्धं गाव जमलं होतं, आणि सगळे आपण सहजच उभे आहोत असं दाखवत होते. झोझियान पायरीवर आली. तिने एप्रन बदलला होता. अनोळखी प्रवाशाला विचारावं तसं तिने विचारलं, "नमस्कार मस्यू. कुठून आलात?"

"व्हेर्नांहून," एमे म्हणाला. "खिंडीवरून."

झोझियान खाली वाकली. निळ्या सायकलच्या टायरला तिने अंगठा लावला. मग ओदेतच्या सायकलच्याही. अंगठा वर करून सगळ्यांना धूळ दाखवली आणि आत जाऊन शिक्का आणला. पंचेचाळीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या पानावर तो तिने असा दाबला की टेबल हललं. गिल्बेरने जोरात नाक शिंकरलं.

आता ओळ लिहायची राहिली. एमेने पेन हातात घेतलं, पान कडेने बघायचा प्रयत्न केला आणि पेन ओदेतपुढे सरकवलं. "तू लिही. मी सांगतो."

"काय लिहायचं ते मी सांगते," ओदेत उत्साहाने म्हणाली. "खिंडीतून मॉं ब्लां. खाली सगळी बाग, लाल, पिवळी..."

"ते तू बघितलंस," एमे म्हणाला. "ते तुझ्या पुस्तकात लिही."

"माझं कसलं आलंय पुस्तक?"

झोझियानने खण उघडला. तिच्याकडे विकायला ठेवलेली दोन-तीन कोरी पुस्तकं असायचीच. तिने एक काढलं, शामेयचं पान उघडलं आणि शिक्का मारला. कुणाला काही विचारलं नाही. टायर तिने आधीच बघितला होता.

ओदेत त्या शिक्क्याकडे बघतच राहिली. ओली शाई चमकत होती. "या वयात?" ती म्हणाली, पण पुस्तक तिने कुणाच्या हाती दिलं नाही. शाई वाळेपर्यंत त्याच्यावर फुंकर घातली आणि लाल स्वेटरच्या खिशात ठेवून खिशावर हात धरला.

"माझं लिहितेस ना?" एमे म्हणाला.

"सांग."

"जे दिसलं तेवढंच."

"माहीत आहे रे नियम. सांग."

एमेने मान डावीकडे वळवली, आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तो तिच्याकडे बघत राहिला. मग एकेक शब्द सांगत गेला, आणि ओदेत लिहीत गेली. तिला अक्षरं धूसर दिसत होती, तरी तिने नीट लिहिलं.

"पुढे लाल स्वेटर. एकदा हरवला. मग सापडला."

"अजून?" ओदेतने विचारलं.

"अजून काही नाही," एमे म्हणाला. "एवढंच दिसलं."